रिमांड होममधली आपली जुनी नोंद कशी काढायची

1984 साली मिरज स्टेशनवर पोलिसांना मी सापडलो आणि रिमांड होममध्ये, म्हणजे अशा मुलांना ठेवायच्या जागेत, गेलो. वय सात की आठ, आजही सांगता येत नाही. मुलीच्या जातीच्या दाखल्याला आजोबांचा पुरावा मागितला, तेव्हा स्वतःचीच नोंद शोधत निघालो. रिमांड होममध्ये राहिलेल्या आपल्यातल्या कुणाला उपयोग होईल म्हणून लिहितो.

नावावरून शोधायला जाऊ नका. मी तीन हेलपाटे तसेच घातले, दरवेळी 'अभिलेख आढळून येत नाही'. आधी साल पक्कं करा. ऑक्टोबर 1987 पूर्वी आला असाल तर 1948 चा मुंबईचा मुलांचा कायदा, म्हणजे मुलाला तिथं ठेवण्याचा आदेश बाल न्यायालयाचा. त्यानंतर 1986 च्या कायद्याखालचं बाल कल्याण मंडळ आणि 2001 पासून बालकल्याण समिती. तुमच्या अर्जात 1984 च्या मुलासाठी 'समितीचा आदेश' लिहिलात तर कपाटच चुकतं. आणि 1960 च्या आतलं काही शोधत असाल तर बस्त्यावर, म्हणजे जुन्या कागदांच्या गाठोड्यावर, सांगली शोधू नका. जिल्ह्याचं नाव तेव्हा दक्षिण सातारा होतं.

अर्ज माहिती अधिकारात करा. कोर्ट फी स्टॅम्प 10 रुपयांचा, मुदत 30 दिवस. 'ही माझी स्वतःची माहिती आहे' हे ठळक लिहून ओळखपत्र जोडा, कारण मुलांची ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे आणि क्लार्क नाही म्हणतो ते बरोबरच आहे. तीन गोष्टी वेगवेगळ्या मागा: प्रवेश रजिस्टरचं पान, केस फाइल, सुटकेची नोंद.

माझं पान शेवटी तारखेवरून निघालं. नाव 'बाळू', वडिलांचं नाव 'माहीत नाही'. ओळखीची खूण: डाव्या भुवईवर व्रण. अंगावर खाकी चड्डी, बिनबटणांचा सदरा, रोख 1 रु. 35 पै. ते पैसे कुठून आले होते, ते आठवत नाही.

केस फाइल नाहीच मिळाली तर ज्या शाळेत घातलं होतं तिथलं जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या दाखल्याची नोंदवही, बघा. शाळा ते टाकून देत नाहीत. जन्मतारीख 1 जून दिसली तर हरखू नका, आमच्या वर्गात निम्मे 1 जूनचे होते. प्रत घेताना साधी झेरॉक्स घेऊन येऊ नका, सही-शिक्क्याची मागा. मला त्यासाठी परत जावं लागलं.