फॅन लागला की गाडीची रेस पडते? या चुका टाळा

गाडी उभी आहे, इंजिन गरम झालंय, पुढे रेडिएटरचा फॅन घुर्रकन लागतो आणि त्याच क्षणी आरपीएमचा काटा खाली, हेडलाइट मंद, स्टीयरिंग थरथरतंय. जुन्या गाडीत हे थोडंफार होणारच, कारण फॅन सुरू होताना एकदम भरपूर करंट खेचतो, तो लोड अल्टरनेटरवर (बेल्टने फिरून वीज बनवणारं यंत्र) येतो आणि अल्टरनेटर फिरवायचं काम शेवटी इंजिनलाच करावं लागतं. काटा पन्नासेक आरपीएम पडून लगेच सावरला तर सोडून द्या. पण 800 वरून 500 वर येऊन तिथेच अडखळत राहिला किंवा गाडी बंदच पडली तर बघायला हवं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्क्रू पिळून रेस वाढवून घेणं. कार्ब्युरेटरच्या गाडीत तो स्क्रू त्यासाठीच असतो, पण इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटलचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) स्टॉप स्क्रू कंपनीतून सेट होऊन येतो, तो हलवला की थ्रॉटल पूर्ण बंद झाल्याचं गाडीच्या कॉम्प्युटरला कळतच नाही, मग आयडल (पाय न देता उभ्या गाडीची रेस) अजूनच बिघडतं आणि मूळ दोष तसाच राहतो.

आधी एसी बंद करा, कारण एसीसोबत कॉम्प्रेसर आणि फॅन दोन्ही लागतात आणि ओढ कोणाची ते कळत नाही. फॅन बंद असताना हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा डिफॉगर सगळं चालू करा. तरीही रेस पडली तर बिचाऱ्या फॅनचा दोष नाही.

दुसरी चूक, न मोजता अल्टरनेटर बदलणं. ही मी स्वतः केलीये म्हणून कळकळीने सांगतो. नवा अल्टरनेटर बसवला, फरक शून्य. शेवटी बॅटरीकडून इंजिनला जाणारी अर्थची वायर वाकवून बघितली, वरून कव्हर एकदम छान, पण लगजवळ (वायरच्या टोकाची धातूची कडी) आतली तार हिरवी पडून भुगा झालेली! म्हणून साधा मल्टीमीटर घ्या, इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट हवेत. मग फॅन आणि लाइट चालू ठेवून एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूला लावा, 0.2 व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ खराब. बेल्ट ढिला आहे का तेही बघाच. आणि चालू गाडीत बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर चेक करायचा जुना प्रकार अजिबात करू नका, व्होल्टेज उसळून कॉम्प्युटर उडू शकतो.

इलेक्ट्रिकल ठीक निघालं तर थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह बघा, लोड आला की जास्त हवा सोडायचं काम या व्हॉल्व्हचं, कार्बन साचला की तो वेळेवर हलत नाही. साफ करताना त्याची पिन हाताने दाबू नका, आतले गिअर तुटतात. साफ केल्यावर थोडा वेळ रेस जास्त राहिली तर घाबरू नका, बऱ्याच गाड्यांत कॉम्प्युटरला आयडल पुन्हा शिकवावं लागतं.

फॅनची पाती हाताने फिरवून बघायची तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, काही गाड्यांत चावी बंद असतानाही फॅन अचानक लागतो. पाती जड फिरली किंवा खरखरली तर बेअरिंग गेलंय आणि मोटर जास्त करंट खातेय.

काटा जागचा हलत नाही पण गाडी थरथरते? मग हे सगळं सोडा, इंजिनचे माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) बघा.