युरॉलॉजीत ब्लॅडर रिकन्स्ट्रक्शनकडे वळताय? आधी हे वाचा

एमसीएच युरॉलॉजीला (सर्जरीनंतरची सुपरस्पेशालिटी) सीट मिळाली की ज्युनियर पोरं विचारतात, रोबोटिक कुठे शिकायचं, स्टोनची फेलोशिप कुठली चांगली. फंक्शनल युरॉलॉजीबद्दल, म्हणजे ब्लॅडरचं काम सुधारायचं आणि लागलं तर ते नव्याने बांधायचं, क्वचित कोणी विचारतं, आणि विचारलंच तर प्रश्न एकच, मॅडम यात प्रॅक्टिस चालते का? चालते, पण कशी ते जरा सविस्तर सांगते.

रस्ता तुम्हाला माहितीच आहे. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग एमएस जनरल सर्जरी 3 वर्षं, मग नीट एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा आणि एमसीएच किंवा त्याच तोडीच्या डीआरएनबीची अजून 3 वर्षं, मधे बॉण्ड वगैरे. आपल्याकडे या विषयाची वेगळी एमसीएच नाही, त्यामुळे पुढे फेलोशिप करायची किंवा हे काम मनापासून करणाऱ्या सरांच्या नाहीतर मॅडमच्या हाताखाली राहायचं. एक मात्र सांगते, जनरल सर्जरीत आतड्याचं काम मन लावून शिका. "मला तर युरॉलॉजीच करायची आहे" म्हणून बरेच जण ॲनास्टोमोसिसकडे, म्हणजे आतडं जोडण्याकडे, दुर्लक्ष करतात, आणि ब्लॅडर मोठं करायचं म्हणजे शेवटी आतडंच वापरायचं असतं.

आता पेशंट कोण असतात ते बघा. बांधकामावरून पडून मणक्याला मार लागलेला तरुण, बाइक ॲक्सिडेंटवाला, जन्मतः स्पायना बायफिडा (मणका नीट न जुळलेला) असलेलं पोर, लहानपणी मूत्रमार्गातल्या व्हॉल्व्हचं ऑपरेशन झालेला मुलगा, टीबीने ब्लॅडर आकसून गेलेली बाई जी दर पंधरा मिनिटांनी लघवीला पळते. आणि बाळंतपणानंतर लघवी सुटते हे वर्षानुवर्षं अंगावर काढणाऱ्या बायका. त्या स्वतःहून सांगत नाहीत, पाठदुखी म्हणून येतात, मग उठताना हळूच म्हणतात, "अजून एक विचारायचं होतं". तुम्हीच सरळ विचारा, खोकताना शिंकताना लघवी सुटते का, पॅड वापरावं लागतं का. युरॉलॉजीत बायका आजही फार कमी आहेत, त्यामुळे ज्या मुली हे वाचताहेत त्यांना सांगते की तुमची इथे खरंच गरज आहे.

या सगळ्याचं मूळ आहे प्रेशर. चांगलं ब्लॅडर लघवी कमी प्रेशरला साठवतं. न्यूरोजेनिक ब्लॅडरमध्ये, म्हणजे नसांच्या बिघाडाने बिघडलेल्या ब्लॅडरमध्ये, प्रेशर वाढत जातं, दुखत काहीच नाही आणि आतल्या आत किडनी खराब होते. मॅकग्वायर यांनी 1981 मध्ये स्पायना बायफिडाच्या मुलांमध्ये दाखवलं की लघवी गळायला लागते तेव्हा प्रेशर 40 सेंमी पाण्याच्या वर असेल तर वरच्या भागाला, म्हणजे किडनी आणि तिच्या नळीला, धोका जास्त. तो आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण तो मशीनवर कसा येतो हे फार थोड्यांनी बसून बघितलेलं असतं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, युरोडायनॅमिकच्या, म्हणजे ब्लॅडरचं प्रेशर मोजायच्या टेस्टच्या, खोलीत स्वतः बसा, टेक्निशियनने काढलेला प्रिंटआउट ऑपरेशन थिएटरमध्ये वाचू नका. एक नळी ब्लॅडरमध्ये, एक गुदद्वारात, दुसरीचं प्रेशर पहिल्यातून वजा, मधेमधे खोकायला सांगून दोन्ही रेषा सारख्या उठतात का बघायचं, नाही उठल्या तर थांबून नळी नीट करायची. लहान मुलांत आणि न्यूरो पेशंटमध्ये पाणी सावकाश सोडायचं, भराभर भरलं की ब्लॅडर खोटं प्रेशर दाखवतं. आणि पेशंट लाजेने आकसलेला असतो, त्याच्याशी बोलत राहिलात तर टेस्ट चांगली होते.

मग सीआयसी, म्हणजे दर तीन-चार तासांनी स्वतःच नळी टाकून ब्लॅडर रिकामं करणं. लॅपिडिस यांनी 1972 मध्ये हे मांडलं, तेव्हा स्टराइल नसलेली, नुसती धुतलेली स्वच्छ नळी चालते हे ऐकायलाच लोकांना जड गेलं होतं. आज आमचं निम्मं काम यावर उभं आहे. गोळ्या, सीआयसी आणि लागलं तर 200 युनिट बोटॉक्स एवढ्यावर अनेकांचं ऑपरेशन टळतं. पण ऑपरेशन ठरवायच्या आधी पेशंटच्या घरची पूर्ण माहिती घ्या. शाळेत संडासाला दार आहे का, पाणी आहे का, आई नळी टाकते तर आई कामावर गेल्यावर कोण टाकणार, हॉस्टेलला मुलगी गेली तर काय. काही महिने सीआयसी नीट जमल्याशिवाय मी ऑगमेंटेशनची, म्हणजे आतडं लावून ब्लॅडर मोठं करायच्या ऑपरेशनची, तारीख देत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

ऑपरेशनमध्ये साधारण 20 ते 25 सेंमी इलियम (लहान आतड्याचा शेवटचा टप्पा) घेतो, त्याचा अगदी शेवटचा भाग बी 12 शोषायला जागेवर ठेवतो, घेतलेलं आतडं लांबीने उघडून सपाट करतो आणि उघडलेल्या ब्लॅडरवर शिवतो. उघडायचं कारण म्हणजे नळीसारखंच ठेवलं तर ते आकुंचन पावत राहतं आणि प्रेशर परत वाढतं. व्हीलचेअरवरच्या मुलीला खालून नळी टाकणं अवघड, तिला मित्रोफानॉफ यांनी 1980 मध्ये मांडलेली पद्धत वरदानच आहे, अपेंडिक्सची वाट बनवून बेंबीतून नळी टाकायची, कपडे उतरवायला नकोत. त्यामुळे जनरल सर्जनना सांगून ठेवा, अशा मुलांचं पोट दुसऱ्या कारणाने उघडलं तर जाता जाता अपेंडिक्स काढू नका.

आणि खरं काम यानंतर सुरू होतं. आतडं म्युकस (चिकट स्राव) सोडतच राहतं, म्हणून ब्लॅडर वॉश आला, नाही केला की स्टोन. रक्तात ॲसिड वाढतं, मुलांमध्ये हाडांवर, वाढीवर परिणाम होऊ शकतो. बी 12 बघत राहायचं, क्रिएटिनिन, सोनोग्राफी आयुष्यभर. सगळ्यात भीती मोठं केलेलं ब्लॅडर फुटण्याची, ज्याला पोटात नीट संवेदनाच नाही त्याला दुखतही नाही, नुसतं पोट फुगतं आणि ताप येतो. म्हणून प्रत्येक पेशंटला मराठीत एक कार्ड लिहून द्या, काय ऑपरेशन झालंय, पोट फुगलं तर लगेच नळी टाकून दवाखाना गाठायचा, आणि तिथल्या डॉक्टरसाठी दोन ओळी. हे कार्ड रात्री दोन वाजता तालुक्याच्या ठिकाणी जीव वाचवतं.

पैशाचं स्पष्ट सांगते. स्टोन आणि प्रोस्टेटवर दवाखाना चालतो, युरोडायनॅमिकला तासभर जातो आणि मिळतं थोडं. त्यामुळे जनरल युरॉलॉजी सोडू नका, आठवड्यातला ठराविक दिवस या पेशंटसाठी ठेवा. सरकारी योजनेत काय बसतं ते मेडिकल सोशल वर्करकडून शिकून घ्या, त्यांना ते आपल्यापेक्षा जास्त कळतं. 2025 च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसला माणसात पहिलं ब्लॅडर ट्रान्सप्लांट झालं, तेव्हापासून पोरं विचारतात की आतड्याची गरज संपणार का. मला तरी इतक्यात वाटत नाही, कारण इम्युनोसप्रेशनचा, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा, भार मोठा आहे.

शिकायला वेल्लोरचं सीएमसी, लखनौचं एसजीपीजीआय, नडियादचं मूळजीभाई पटेल हॉस्पिटल बघून या. मूत्रमार्गाच्या कामात आपल्या पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णींचं नाव जगभर घेतात, तेही जवळून बघा. बाहेर जायचं तर लंडनला क्वीन स्क्वेअरचा युरो-न्यूरॉलॉजी विभाग आहे. आणि कुठेही अर्ज करताना महिन्याला किती केसेस होतात एवढंच विचारू नका, न्यूरोजेनिक ओपीडी कुठल्या वारी असते, दहा वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेले पेशंट अजून तिथे येतात का, आणि लहानपणी पीडियाट्रिक सर्जरीत असलेली मुलं अठराची झाली की त्यांना कोण बघतं, हे विचारा. शक्य असेल तर त्या ओपीडीत एक दिवस नुसते बसून या आणि मगच फॉर्म भरा.