सॅटेलाइट फोटो बघून पाऊस सांगताय? आधी या चुका टाळा

जून लागला की व्हॉट्सॲपवर अख्खा महाराष्ट्र पांढरा झालेला फोटो फिरायला लागतो, खाली लिहिलेलं असतं "पुढचे दोन तास सांभाळा", आणि मग दिवसभर ऊन. फोटो बऱ्याचदा खरा असतो हो, वाचताना गडबड होते. इन्सॅट-३डीआर आणि २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस हे आपले हवामान उपग्रह साधारण ३६ हजार किलोमीटर उंचीवरून बघतात, म्हणजे त्यांना दिसतो ढगाचा माथा, आणि पाऊस पडतो खालून. मधे काय चाललंय ते आपण अंदाजानेच भरतो.

सगळ्यात आधी वेळ बघा. फोटोवर यूटीसी टाइम, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे ०९:०० लिहिलंय तर आपले दुपारचे अडीच. मे महिन्यातला वळवाचा ढग तास-दीड तासात उभा राहून बरसून मोकळा होतो, त्यामुळे दोन तास जुना फोटो बघून छत्री घेणं म्हणजे नुसता टाइमपास. तारीख-वेळेची पट्टीच कापलेली असेल तर तो फॉरवर्ड सरळ डिलीट मारा.

मग चॅनल कुठला, म्हणजे फोटो कुठल्या प्रकारच्या किरणांतून काढलाय ते बघा. व्हिजिबल म्हणजे सूर्यप्रकाशातला फोटो, तो रात्री काळाच येणार, उपग्रह बंद पडलेला नसतो. इन्फ्रारेड दिवसरात्र चालतो कारण तो तापमान मोजतो, जितकं थंड तितकं पांढरं. त्यावरचे लाल-जांभळे रंग कॉम्प्युटरने भरलेले असतात आणि प्रत्येक साइटची पट्टी वेगळी, तरी लोक "लाल दिसतंय म्हणजे ढगफुटी" करून मोकळे. पट्टीवर −६०, −७० असे तापमानाचे (अंश सेल्सिअस) आकडे असतात ते वाचा, रंग नंतर.

आता खरी गोची. इन्फ्रारेडमध्ये पांढरं म्हणजे पाऊस, हे डोक्यातून काढाच. मोठ्या गडगडाटी ढगाचा माथा वर ऐरणीसारखा पसरतो, त्याची पातळ बर्फाळ चादर शे-दोनशे किलोमीटर लांब जाते, इन्फ्रारेडमध्ये पांढरीशुभ्र दिसते आणि तिच्यातून टिपूस पडत नाही. विदर्भ-मराठवाड्यात पावसाळ्यात हे नेहमीचंच. उलट आपल्या घाटात, आंबोली म्हणा, ताम्हिणी म्हणा, अरबी समुद्रावरचं दमट वारं सह्याद्रीला धडकून वर चढतं आणि तिथले ढग बऱ्याचदा बुटकेच असतात, माथा काही फार थंड नसतो, म्हणून फोटोत मळकट राखाडी दिसतं आणि खाली मात्र कोसळत असतं. त्यामुळे कोकणातला माणूस "फोटोत काहीच नाही" म्हणून निर्धास्त घाट चढायला निघाला तर त्याची वाट लागते. उपाय सोपा आहे, त्याच वेळेचा व्हिजिबल शेजारी लावा: इन्फ्रारेडमध्ये झगझगीत पण व्हिजिबलमध्ये खालची जमीन दिसतेय तर ती पातळ चादर, दोन्हीकडे दाट पांढरं असेल तर ढग जाडजूड आणि उंच, आणि व्हिजिबलमध्ये पांढरं पण इन्फ्रारेडमध्ये राखाडी म्हणजे खालचा ढग, घाटात असेल तर त्याला हलक्यात घेऊ नका. शेवटी पडतोय का ते रडारच सांगेल, मुंबईला कुलाबा आणि वेरावली दोन्ही रडार आहेत, ते उघडा.

ॲनिमेशन बघतानाही फसायला होतं. जुलै-ऑगस्टमध्ये लूप लावलं की ढग पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकताना दिसतात आणि लगेच कुणीतरी म्हणतं "नागपूरचा पाऊस संध्याकाळी पुण्यात". असं नसतं. तुम्ही बघताय तो १४-१५ किलोमीटर उंचीवरचा पूर्वेचा जोरदार वारा, तो माथे ओढून नेतो. खाली मान्सूनचा वारा त्याच वेळी पश्चिमेकडून येतोय, बरोबर उलटा.

वॉटर व्हेपर, म्हणजे हवेतली वाफ दाखवणाऱ्या चॅनलचा काळा पट्टा म्हणजे कोरडी हवा हे बरोबर, पण ती वरच्या आणि मधल्या थरातली. जमिनीजवळ घामाच्या धारा लागलेल्या असू शकतात.

आणि झूम करून "आमच्या गल्लीवर ढग आलाय" शोधू नका राव. इन्सॅटच्या इन्फ्रारेडचा एक पिक्सेल साधारण ४ किलोमीटरचा, दादर-परळ एकाच चौकोनात बसतील. व्हिजिबलचा १ किलोमीटरचा.

हिवाळ्यात वेगळीच तक्रार येते, पहाटे हायवेवर धुकं आणि फोटोत आकाश मोकळं. धुक्याचं तापमान जमिनीएवढंच, मग साध्या इन्फ्रारेडला फरक कसा कळणार? त्यासाठी दोन-तीन चॅनलची वजाबाकी करून बनवलेला नाइट मायक्रोफिजिक्स फोटो असतो, हवामान खात्याच्या सॅटेलाइट पेजवर मिळतो. त्यातही वर उंच ढग असतील तर खालचं धुकं झाकलं जातं, तेव्हा गाडी काढायच्या आधी तिकडच्या कुणाला तरी फोनच लावा.