अनान्सेची गोष्ट वर्गात कशी रंगवावी

खानापूर, निपाणी, चिकोडी किंवा बेळगाव तालुक्यातील मराठी शाळेत चौथी-पाचवीच्या मुलांना अनान्से या जाळे विणणाऱ्या कोळ्याची किंवा पश्चिम आफ्रिकेतील दुसरी एखादी लोककथा सांगायची असेल, तर गोष्ट पाठ करण्याआधी ऐकणाऱ्यांची तयारी करून घ्यावी लागते. घाना, नायजेरिया, सेनेगल या देशांत रात्रीच्या बैठकीत रंगणारी गोष्ट एकट्या सांगणाऱ्याची कधीच नसते. तिचा निम्मा भार श्रोते उचलतात, आणि तो भार मुलांवर टाकला नाही, तर क्रमिक पुस्तकात आणखी एका धड्याची भर पडते, एवढेच.

त्याआधी एक घोटाळा टाळावा. माली, गिनी आणि आसपासच्या देशांतील जे ‘ग्रिओ’ जगभर प्रसिद्ध आहेत, ते घराणेदार गायक असतात. 21 तारांचा कोरा किंवा लाकडी पट्ट्यांचा बालाफोन यांच्या साथीने 13व्या शतकात माली साम्राज्य उभारणाऱ्या सुंजाताची गाथा गाणे आणि वंशावळी तोंडपाठ राखणे, हे त्यांचे पिढीजात काम आहे. आपल्याकडच्या गोंधळी घराण्यांशी त्यांचे साम्य चटकन जाणवते. कोळी, ससा, कासव यांच्या कथा मात्र घरातील कोणीही सांगतो. वर्गासाठी याच कथा घ्याव्यात.

सुरुवात हाकेने करावी. नायजेरियातील हौसा भाषेत सांगणारा ‘गा ता, गा ता नान’ अशी आरोळी देतो आणि श्रोते ‘ता झो मु जी ता’ असे उत्तर देतात. आपण ‘ही बघा, आली गोष्ट!’ म्हणावे आणि मुलांनी ‘येऊ दे, ऐकू दे!’ म्हणावे. सीमाभागातील वर्गात घरी कन्नड बोलणारी मुले असतातच, त्यांना ‘बरली, केळोणा!’ असे म्हणू द्यावे. दोन्ही उत्तरे एकाच वेळी उठली, तरी बिघडत नाही. पावसाळ्यात कौलांवर सरी कोसळू लागल्या, की शिक्षकाचा एकट्याचा आवाज मागच्या ओळीपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा हीच हाक दर दोन-तीन प्रसंगांनंतर पुन्हा द्यावी.

घानातील अकान लोकांच्या कथांत हाकेइतकीच महत्त्वाची आणखी एक प्रथा नोंदवलेली आहे. आम्ही जे सांगणार आहोत ते खरे आहे असे आमचे म्हणणे नाही, असे सांगणारा आधीच जाहीर करतो. या आडोशाने गावच्या प्रमुखाचीही थट्टा करता येत असे. वर्गात हे वाक्य अवश्य घ्यावे, कारण त्यानंतर कथेतील हावरट मुखिया थेट मुख्याध्यापकांसारखा चालू लागला, तरी कोणाला रागावता येत नाही.

पहिल्या प्रयोगासाठी शहाणपणाच्या मडक्याची कथा सर्वांत सोयीची आहे. क्वाकू अनान्से नावाचा कोळी जगातील सारे शहाणपण मडक्यात भरतो आणि ते लपवण्यासाठी उंच झाडावर चढू लागतो. मडके त्याने पोटाशी बांधलेले असते, त्यामुळे हातपाय खोडापर्यंत पोहोचतच नाहीत. खाली उभा असलेला त्याचा मुलगा न्तिकुमा सुचवतो, की बाबा, मडके पाठीवर बांधा. सगळे शहाणपण आपल्याजवळ असताना पोराला हे सुचावे, या संतापात मडके सुटते, फुटते आणि शहाणपण चहूकडे पसरते.

येथे शब्दांपेक्षा अंगाने काम करावे. दप्तर पोटाशी उलटे अडकवावे, दोन्ही हात त्याभोवतीने पुढे ताणावेत आणि समोरच्या कल्पित खोडाला बोटांची टोके जेमतेम लागतात न लागतात, असे दाखवावे. पहिल्यांदा घसरताना गुडघे वाकवावेत, दुसऱ्यांदा सावकाश खाली बसावे, तिसऱ्यांदा मात्र घसरण्याआधी थांबून मुलांकडे पाहावे. बहुतेक वर्गांत याच क्षणी एखादे मूल ‘पाठीवर बांधा की!’ असे ओरडते. ते ओरडले, तर न्तिकुमाचे वाक्य आपण बोलू नये; त्या मुलाकडेच रागाने वळावे आणि दप्तर सोडून द्यावे. आपली वाक्ये घोकून आलेल्या सांगणाऱ्याला हे साधत नाही, म्हणून प्रसंगांचा क्रम पक्का करावा आणि वाक्ये मोकळी ठेवावीत.

मध्ये गाणे हवेच. अकान बैठकीत अशा गाण्याला ‘म्बोगुओ’ म्हणतात, आणि श्रोत्यांपैकी कोणीही कथा थांबवून ते सुरू करू शकतो. एफुआ सदरलँड या नाटककार बाईंनी 1960च्या दशकात अत्विया या गावात गावकऱ्यांबरोबर ‘कोजिदान’ म्हणजे कथाघर उभारले, आणि म्बोगुओचे हे तंत्र आपल्या नाटकांतही आणले. आपल्या वर्गासाठी ‘चढ रे चढ, अनान्से चढ, मडकं झालंय पोटाला जड’ एवढी ओळ पुरते. दोन-तीन मुलांना झीलकरी करावे आणि बाकावर ठेका धरू द्यावा. कंटाळा आल्यास कोणीही हात वर करून गाणे सुरू करावे, असा नियम ठेवावा. तो हात किती लवकर वर येतो, यावरून आपली गोष्ट कोठे रेंगाळली ते नेमके कळते.

अनान्सेचे नाव बदलून त्याला गण्या किंवा बाळू करू नये, घाना नकाशावर दाखवावा, आणि कथेत याम आला, तर तो आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद आहे एवढे सांगून पुढे जावे. तोंडाला काळे फासणे, पाने गुंडाळणे असले स्नेहसंमेलनी प्रकार तर मुळीच नकोत.

शिकवण्याच्या दृष्टीने सर्वांत फलदायी प्रकार म्हणजे पेच टाकणाऱ्या कथा. लायबेरियातील एका कथेत शिकारीला गेलेला बाप जंगलातच मरतो, आणि घरात त्याची आठवणही कोणी काढत नाही. मागाहून जन्मलेले मूल बोलू लागताच ‘बाबा कोठे आहेत?’ असे विचारते. मग थोरले भाऊ जंगलात जातात; एक हाडे जुळवतो, दुसरा मांस चढवतो, आणखी एक रक्त भरतो, कोणी श्वास देतो. जिवंत झालेल्या बापाला गाईच्या शेपटीची सुंदर चवरी एकालाच द्यायची आहे. येथेच थांबावे. कथेतील बाप ती धाकट्याला देतो, हे वाद संपेपर्यंत सांगू नये. मुलांचे गट पाडून प्रत्येक भावाची बाजू मांडू द्यावी आणि ‘कारण’ हा शब्द आल्याशिवाय कोणाचे म्हणणे फळ्यावर लिहू नये. फळ्यावर तात्पर्य लिहून देण्याची आपली सवय येथे आवरावीच लागते, कारण तात्पर्य आले की वाद संपतो.

पुढच्या खेपेस सांगणाऱ्याची जागा एखाद्या मुलाला द्यावी आणि शिक्षकाने खाली श्रोत्यांत बसून इतरांबरोबर उत्तराची आरोळी द्यावी. मुलाने प्रसंग मागेपुढे केले, तरी मध्येच दुरुस्ती करू नये. फारच अडखळला, तर म्बोगुओ सुरू करावा, म्हणजे त्याला आठवायला उसंत मिळते.