भाव पडत असताना घराची ऑफर कशी द्यायची

भाव पडायला लागले की लोक एकच चूक करतात, विकणाऱ्याच्या आकड्यापासून मोजायला लागतात. तो १०० म्हणतो, आपण ९५ म्हणतो आणि ५ वाचले म्हणून खुश होतो, पण ते १०० आले कुठून हे कोणी विचारत नाही, बऱ्याचदा शेजारचं घर तेजीत ज्या भावाला गेलं तोच आकडा त्याच्या डोक्यात बसलेला असतो.

म्हणून जाहिरातीतले भाव सोडा, तशीच घरं गेल्या काही महिन्यांत खरोखर कितीला गेली ते काढा. आणि तोही आकडा शिळाच असतो बरं का, सौदा आधी ठरतो आणि कागदावर नंतर येतो. समजा तसं घर तीन महिन्यांपूर्वी ९० ला गेलं आणि भाव महिन्याला १ टक्का उतरतोय, तर आज ते ८७ चं झालं, ताबा मिळेपर्यंत अजून दोन महिने जाणार म्हणजे ८५ धरा. ही तुमची कमाल मर्यादा. सुरुवात ८० पासून करायची, आणि लाजायचं अजिबात नाही.

एवढी घासाघीस कशाला असं वाटत असेल तर हे बघा, २० टक्के पदरचे घालून बाकी लोन काढलंत आणि भाव १० टक्के पडला तर तुमचे अर्धे पैसे गेले. बँकेचं नुकसान नाही होत, तुमचं होतं.

घर किती दिवस पडून आहे, भाव किती वेळा उतरवलाय, रिकामं आहे का, मालकाने दुसरं घर आधीच घेतलंय का, हे एजंटला सरळ विचारा. दोन-दोन हप्ते भरणारा माणूस लवकर ऐकतो.

ऑफर लेखी द्या, सोबत ती विकली गेलेली घरं जोडा म्हणजे कमी आकडा अपमान वाटत नाही, आणि आठवडाभराची मुदत टाका. बँकेने व्हॅल्युएशन, म्हणजे तिच्या हिशोबाने घराची किंमत, कमी धरलं तर सौदा रद्द आणि टोकन परत, ही अट लिहून घ्याच, नाहीतर लोन कमी मिळतं आणि मधला फरक तुमच्याच खिशातून जातो.

नाही म्हणाले तर तिथल्या तिथे आकडा वाढवू नका. नंबर ठेवून या, दीड-दोन महिन्यांनी फोन करा, घर तसंच पडून असेल तर नवीन सौदे बघून पुन्हा हिशोब मांडा, तोवर भाव अजून उतरला असेल तर दुसरी ऑफर पहिलीपेक्षा कमीची द्यायलाही काही हरकत नाही.