चुंबकाला चिकटला म्हणजे उत्प्रेरक टिकला, असं नाही: या चुका टाळा

कायटोसानवर (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा बहुवारिक) मॅग्नेटाइट (चुंबकाला ओढलं जाणारं लोहाचं ऑक्साइड) आणि अभिक्रिया घडवणारं पॅलॅडियम बसवलेला उत्प्रेरक चुंबकाने ओढून परत वापरता येतो, हे खरं. पण चुंबक ओढतो तो मॅग्नेटाइटला. पॅलॅडियम सोबत आलं की द्रावणातच राहिलं, हे त्यावरून कळत नाही.

सुरुवात मॅग्नेटाइटपासून. 2.70 ग्रॅम फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेटला 0.99 ग्रॅम फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट घ्या, म्हणजे लोहाचं प्रमाण 2:1 बसतं. पाण्यातून आधी नायट्रोजन सोडा. अमोनिया घालताच काळाकुट्ट साका पडायला हवा. विटकरी पडला तर फेरसची बाटली उघडून बघा: चांगलं फेरस क्लोराइड फिकट हिरवं असतं, पिवळट-तपकिरी झालेलं घेऊ नका.

कायटोसान 2% अ‍ॅसेटिक आम्लात विरघळवून त्यात मॅग्नेटाइट मिसळलं, की लगेच थेंबाथेंबाने अल्कलीत सोडा, म्हणजे त्याचे मणी बनतात. रात्रभर आम्लात ठेवलं तर लोह विरघळू लागतं. मग कायटोसानच्या साखळ्या एकमेकींना बांधणारं ग्लुटरल्डिहाइड. इथे हात आखडता घ्या, कारण ते ज्या अमिनो गटांना बांधतं तेच पॅलॅडियमला धरतात. मणी सौम्य आम्लात विरघळणार नाहीत, इतपतच पुरे.

अभिक्रियेत चुंबकीय ढवळणी टाकू नका. सगळे कण तिलाच चिकटून बसतात आणि वेग उगाच कमी दिसतो. वरून फिरणारा ढवळक किंवा शेकर वापरा.

सर्वांत महाग पडणारी चूक गळतीच्या चाचणीत, म्हणजे पॅलॅडियम आधारावरून सुटून द्रावणात जातं का हे पाहताना होते. सुझुकी अभिक्रिया (पॅलॅडियमच्या मदतीने दोन रेणूंमध्ये कार्बन-कार्बन बंध जोडणारी) साधारण 40% झाली की मिश्रण गरम असतानाच 0.2 मायक्रॉनच्या गाळणीतून काढा. नुसतं चुंबक लावून ओतलं तर बारीक कण मागे राहतात. थंड होऊ दिलं तर सुटलेलं पॅलॅडियम पुन्हा आधारावर बसतं आणि चाचणी खोटी ‘पास’ होते. गाळलेल्या द्रावणात कार्बोनेट (अभिक्रियेला लागणारी अल्कली) नव्याने घाला आणि अभिक्रिया पुढे जाते का ते बघा; गेली तर पॅलॅडियम सुटलेलं आहे. घन कार्बोनेट गाळणीवरच अडकतं आणि अल्कलीअभावी अभिक्रिया थांबली तरी आपण गळती नाही असं समजतो. शिवाय आयसीपीने (द्रावणातल्या धातूचं सूक्ष्म प्रमाण मोजणारं उपकरण) पॅलॅडियम मोजाच.

पाच फेऱ्यांत प्रत्येकी 98% उत्पादन, हा पुरावा कच्चा आहे. अभिक्रिया 20 मिनिटांत संपत असेल आणि तुम्ही 6 तास ठेवत असाल, तर निम्मा उत्प्रेरक मेला तरी आकडा तोच येईल. प्रत्येक फेरीत पाचव्या-सातव्या मिनिटाला नमुना काढून तो वेग ताडून पाहा.

फेऱ्यांमध्ये आधी इथेनॉल, मग पाणी, मग पुन्हा इथेनॉलने धुवा. पाणी वगळलं तर क्षार कणांवर साचतात आणि वजनही फसवं वाढतं. वाळवायचं असेल तर निर्वातात 50 अंशांवर.