म्युझिक व्हिडिओ आधी आवाज बंद करून पाहा

म्युझिक व्हिडिओचं विश्लेषण लिहायचंय? पहिल्यांदा आवाज बंद ठेवून पाहा. शब्द कानावर पडले की आपण गाण्याचाच अर्थ लिहीत बसतो. आ-हा बँडच्या ‘टेक ऑन मी’चा १९८५ सालचा व्हिडिओ घ्या. कॅफेत एक मुलगी कॉमिक वाचतेय आणि पानातून पेन्सिलीनं काढलेला हात बाहेर येतो. कथांचा अभ्यासक तोदोरोव्ह सांगतो: कथेत आधी समतोल असतो, तो मोडतो आणि शेवटी नवा समतोल येतो. त्याच्या भाषेत इथे समतोल मोडला. पण खरा ऐवज त्या रेषेत आहे! चिन्हांचे अर्थ उलगडणाऱ्या बार्थ या फ्रेंच विचारवंताची पद्धत लावा: आधी फक्त दिसतं ते लिहा, ‘थरथरती पेन्सिलीची रेषा’, मगच तिचा अर्थ शोधा. शेवटी कॉमिकमधला नायक भिंतींवर आदळत राहतो, कधी रेघांचा, कधी हाडामांसाचा. कथेचा नवा समतोल आणि चिन्हाचा अर्थ तिथे एकत्र येतात. त्या काही सेकंदांवरच निम्मा निबंध खर्च करा.